होआवहिनींचा श्रावण

तमाम रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी थंड पाण्याच्या नळाने पदाचा राजीनामा दिला आहे. गच्चीवरची टाकी उन्हात तापल्याने सदर नळातून सध्या चहाचं पाणी येतं. गीझर बंद करण्यात आला असून, त्याच्या टाकीत घरातल्या एसीच्या गारव्याला पडून राहिलेलं पाणी हेच यापुढे थंड पाणी समजावं. आंघोळ करू इच्छिणाऱ्यांनी लाल खुणेचा नळ सोडावा. निळ्याला हात लावू नये. भाजल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

ही घोषणा मी दर उन्हाळ्यात बाथरूमच्या दारात उभा राहून, गळ्यात टॉवेल अडकवून करतो. इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात निवेदन माझ्याकडे असतं, त्यामुळे साधी गोष्ट साधेपणाने सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही. शुभा, माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "नाटक्या, दूध उतू चाललंय." आमची मुलगी सई खोलीचं दार न उघडता म्हणायची, "बाबा, नोबडी इज लिसनिंग." माझ्या दृष्टीने या दोन टाळ्या होत्या.

यंदाही मी घोषणा केली. सईने दार उघडलं, उभं राहून सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "ओके, बाबा." आपली घोषणा कुणी मधे न तोडता पूर्ण ऐकून घेणं ही किती वाईट गोष्ट असते, ते मला यंदा कळलं.

इथला उन्हाळा म्हणजे नुसतं ऊन नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आंधळ्यासारखा लिफ्टचं बटण चाचपतो. रस्त्याच्या दुभाजकावर खजुरीची झाडं घोसांना जाळ्या बांधून उभी असतात, नटूनथटून कुठे जायचं ते विसरल्यासारखी. आणि माणसं नसतात. शाळा बंद झाल्या की बायकामुलं भारतात पळतात, मागे उरलेले नवरे महिनाभर अंडी उकडून खातात. इमारतीतल्या साऱ्या किल्ल्या माझ्याकडे येतात. "कढीपत्त्याला पाणी घाला हं, प्लीज." या दिवसांत मी इमारतीपासून शेजारच्या मुसफ्फापर्यंतच्या अनेक कढीपत्त्यांचा, दोन तुळशींचा आणि एका रागीट पोपटाचा पालक असतो. पोपट मला हबीबी म्हणतो, पण त्याच्या बोलण्यात प्रेम नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो नव्हतो. अबुधाबीच्या हॉस्पिटलमध्ये शुभाचे उपचार चालू होते. आजाराचं नाव मी इथे घेत नाही, त्याला पुरेसा मान मिळालेला आहे. डॉक्टरीणबाई मल्याळी, चेहरा प्रेमळ, बोलणं कोरडं. त्यांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली: वजन टिकवा. वजन उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही, तेवढं शरीराला झेपणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरातला सगळा प्रश्न दोन शब्दांत मावायला लागला. शुभाची मोठी बहीण, वृंदाताई, नाशिकहून रोज फोन करायची. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "जेवली का?"

नव्हती जेवली. औषधाने तिच्या नाकाला भलतीच धार आली होती. फोडणीचा वास आला की ती तोंडावर ओढणी दाबून आतल्या खोलीत जायची. जिने आयुष्यभर फोडणीच्या वासावरून शेजारणींच्या स्वयंपाकाला मार्क दिले, ती. आधी घरातली मोहरी बंद झाली, मग लसूण, मग कुकरची शिट्टीसुद्धा. हिंगाची डबी मी तीन पिशव्यांत गुंडाळून गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली आणि या बुद्धिमत्तेबद्दल स्वतःचं जाहीर अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उघडली. त्या उन्हात हिंगाने आतल्या आत असा काही पराक्रम केला होता की शुभा फूटपाथवरूनच म्हणाली, "ही गाडी विकून टाक." शेवटी हिंग इमारतीच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, दिला. गाडीला पुढे बरेच दिवस वरणाचा वास येत होता.

सगळी इमारत रिकामी होती ही त्यातल्या त्यात कृपा. कुणाच्याच घरी काही शिजत नव्हतं.

अशाच एका दुपारी आम्ही टेलरकडे चाललो होतो. शुभाचे सगळे ड्रेस आत घ्यायला झाले होते. "बारीक व्हायचं होतंच मला," ती म्हणाली, "पण एवढं मनावर घ्यायचं नव्हतं." सावलीत पार्किंग मिळालं म्हणून मी जरा लांब गाडी लावली. गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावणारं दुकान ओलांडलं, आणि टेलरच्या अलीकडे एका लहानशा दारापाशी ती थबकली.

"इथे कोण मसाला भाजतंय?"

मी तिचा दंड धरला. "चल, चल. मागे फिरू आपण."

"थांब रे." तिने मान वर केली, डोळे मिटले. "बाद्यान आहे, चक्रीफूल. दालचिनी आहे. आणि आलं जाळलंय कुणीतरी थेट गॅसवर. आपण वांगं भाजतो ना, तसं." मग डोळे उघडून, जरा आश्चर्याने, "मला बरं वाटतंय."

ते एक व्हिएतनामी हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे नवरा, बायको आणि चार-पाच टेबलं. भिंतीवर समुद्रातल्या डोंगरांचं एक फिकट झालेलं चित्र. ऑर्डर घ्यायला तुआन, काटकुळा, कायम टोपी घातलेला, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात फोनवर व्हॉलीबॉलची मॅच बघणारा. आत स्वयंपाकाला त्याची बायको होआ, बुटकी, केसांना मोठा प्लास्टिकचा चाप. भाजीबाजारातल्या केरळी आणि पठाणी विक्रेत्यांशी घासाघीस करून ती हिंदी शिकली होती, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य भाव पाडल्यासारखं यायचं. मी पहिल्याच दिवशी तिला मनातल्या मनात होआवहिनी करून टाकलं आणि आठवड्याभरात तोंडावर म्हणायला लागलो. अर्थ तिने विचारला नाही. काहीतरी पदवी असावी असं तिने धरलं असणार.

कोंबडीचं सूप आलं. पातळ, स्वच्छ, तळाशी तांदळाच्या शेवया. शेजारी एका ताटलीत तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, आणि मोड आलेले मूग. शुभाने मोड उचलून निरखले. "हे तर आपल्याकडचे पाहुणे." मग एक चमचा घेतला. मी श्वास रोखून बसलो. दुसरा घेतला. आता माझ्यातला निवेदक काही केल्या गप्प बसेना. मी आवाज खाली आणून सुरू झालो, "प्रेक्षकहो, मुसफ्फाच्या मैदानावर आज अविस्मरणीय खेळ चालू आहे. चमचा उचलला, वर आला, खेळाडूने लिंबाकडे पाहिलं..."

"गप रे, ठसका लागेल," ती म्हणाली, आणि हसली, आणि लागलाच ठसका. पलीकडच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुली वळून बघायला लागल्या. होआवहिनी आतून आली. कसं झालंय वगैरे तिने विचारलं नाही. वाडग्यात डोकावली.

"आधा," ती म्हणाली. "कल पूरा."

आम्ही रोज जाऊ लागलो. ऑफिसात मी सांगितलं की लंचला जरा वेळ लागेल, आणि साहेब इजिप्शियन असल्यामुळे जेवणाला वेळ लागतो हे त्यांना पटलं. दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात आम्ही दोघं, सुट्टी असल्यामुळे कधी सईही, दार ढकलून आत शिरायचो आणि चष्म्यावरची वाफ उतरेपर्यंत दाराशीच उभे राहायचो. मी वाडग्यागणिक नवं नाटक काढायचो. कधी निवडणुकीचा निकाल, कधी लग्नातला मंगलाष्टकांचा माइक, कधी आमच्या मंडळाच्या खजिनदाराचं भाषण. एका नाटकाला साधारण चार चमचे जात. खजिनदाराला सहा गेले. सई मान खाली घालून म्हणायची, "दिस इज सो एम्बॅरसिंग," पण व्हिडिओ काढायची. वृंदाताईचा फोन आला की मी विजयी स्वरात सांगायचो, "जेवली." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग, "बरं, ठेवते."

आणि मग श्रावण लागला.

त्या सकाळी शुभा देवासमोरून उठली आणि म्हणाली, "आजपासून सूप बंद."

मला वाटलं गंमत करतेय. नव्हती करत. श्रावणात ती अंड्यालाही हात लावत नसे आणि कांदा-लसूणही खात नसे. लग्नाआधीपासून. मी भांडलो. म्हटलं, आजारी माणसाला सगळं माफ असतं, कुठल्याही गुरुजींना विचार. म्हटलं, देव काय इमिग्रेशनच्या काउंटरवर बसलाय का, तुझा शिक्का बघायला. सईसुद्धा भांडली, "मम्मी, इट्स लिटरली युअर मेडिसिन."

शुभाने दोघांचं ऐकून घेतलं. "केस गेले," ती म्हणाली. "शाळेतली नोकरी गेली. स्वयंपाक गेला. सणावाराला घालायचे ब्लाउज अंगावर राहत नाहीत. एवढी एकच गोष्ट माझ्या हातातली राहिलीय. तीही सोडली तर तुम्ही जिला सूप पाजताय ती मी नसेनच." मग जरा मऊ आवाजात, "खाईन ना रे दुसरं काहीतरी."

दुसरं काही ती खाऊ शकत नव्हती. भाकरीचा तुकडा, दहीभात, साबुदाण्याची पेज. सगळं तोंडापर्यंत जाऊन परत यायचं. वृंदाताईच्या फोनला मी दोन दिवस खोटं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एकटाच हॉटेलात गेलो.

आता श्रावण कसा समजावायचा ते सांगा. तुआन समोर उभा, पेन्सिल कानावर. मी उभा राहिलो. छताकडे बोट करून दोन्ही हातांनी चंद्र केला, तो मोठा केला, बारीक केला. कोंबडी केली, पंख फडफडवले, तिला आदराने बाजूला काढून ठेवलं. हात जोडले. पोटावरून हात फिरवून भूक दाखवली. तुआनने काळजीने एक खुर्ची पुढे सरकवली. त्याला वाटलं मला काहीतरी होतंय. मग मी कांदा सोलला, डोळे पुसले, कांदा फेकून दिला. लसूण सोलली, फेकली.

लसूण फेकल्याबरोबर आतून होआवहिनी हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघत राहिली. "प्याज नहीं?"

"नहीं."

"लसून भी नहीं? चिकन नहीं?" मग तिने माझाच चंद्र हवेत काढून दाखवला, गोल, पूर्ण. "मून?"

"मून," मी म्हणालो. "पूरा महिना."

ती तुआनशी भराभर काहीतरी बोलली आणि दोघंही हसायला लागली. मग तिने सांगितलं, म्हणजे भाव पाडत पाडत सांगितलं, की पौर्णिमेला आणि अमावास्येला तीही मांस खात नाही. त्या दिवशी कांदाही नाही, लसूणही नाही. तिच्या आईने लावलेलं वळण. त्या दिवशी घरात वेगळं सूप करतात. मी इतका वेळ कोंबडी होऊन नाचत होतो, आणि आमचा श्रावण तिच्या फडताळात आधीच ठेवलेला होता.

"मॅडम का पूरा महिना," ती म्हणाली, "तो पूरा महिना बनाएगा. कल लाओ."

मुळा, गाजर, मक्याची कणसं, वाळवलेली अळंबी, थेट जाळावर भाजलेलं आलं आणि बाद्यान. सकाळी चढवायचं आणि दुपारपर्यंत उकळू द्यायचं. शुभाने पहिला चमचा घेतला आणि लगेच दुसरा भरला. मी नाटकाच्या तयारीत होतो, खजिनदार ओठांवर आला होता. तिने हातानेच थांबवलं. "आज नको," ती म्हणाली. "आज नुसतं जेवू दे." वाडगा संपला.

त्या महिन्यातल्या दुपारी मला आता वेगवेगळ्या आठवत नाहीत, एकच लांब दुपार आठवते. गिऱ्हाईक नसलं की होआवहिनी पाल्याची जुडी घेऊन टेबलाशी बसायची. शुभा न विचारता तिच्यासमोर बसून पानं खुडायला लागायची. एक मराठीत बोलायची, एक व्हिएतनामीत. सासू, मुलं, महागाई असे विषय असावेत, दोघींच्या भुवयांवरून मला तरी तसं वाटायचं. एकदा गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला एकमेकींचं कळतं तरी काय?"

"तिने अजून मला काय झालंय ते विचारलेलं नाही," शुभा म्हणाली. "तेवढं कळतं."

वजन टिकलं. हॉस्पिटलच्या काट्यावर ती उभी राहिली की मी देवळात उभा राहतो तसा उभा असे. डॉक्टरीणबाई चक्क हसल्या. पुढचं औषध मिळालं, त्याच्या पुढचंही. श्रावणातल्या पौर्णिमेला होआवहिनीने आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं, पण नेमक्या त्या दिवशी शुभाला सलाइन लावलेलं होतं. "पुढच्या वर्षी," शुभाने तिला सांगितलं. "नेक्स्ट इयर, पक्का." इन्शाल्ला, म्हणाला तुआन.

आम्हाला जे सांगितलं होतं ते सगळं आम्ही केलं. त्यातलं एकही औषध चुकलं नाही. आणि जानेवारीत, जेव्हा इथली हवा अशी असते की सगळं शहर बागेत चटया टाकून बसतं, तेव्हा ती गेली. वजन शेवटपर्यंत फारसं उतरलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून कुठे ठेवावी ते कळत नाही.

त्यानंतर मी त्या रस्त्याला गेलो नाही. कारण सोपं आहे. होआवहिनीला माहीत नव्हतं. मी ज्या गोष्टीची घोषणा केली नाही अशी गोष्ट आयुष्यात नाही, नळ, गीझर, सईचे मार्क, शेजाऱ्यांची नवी गाडी. या एका बातमीचा मसुदा मला करता येईना. कोंबडी करता आली होती मला. हे कसं करून दाखवायचं?

वृंदाताई अजून फोन करते. आता तो प्रश्न मला असतो. "जेवलास का?" मी हो म्हणतो.

यंदा श्रावण लागल्यावर सईच्या शाळेचा नवा युनिफॉर्म लांब करायला टेलरकडे जावंच लागलं. तिची उंची वाढलीय. काचांना फिल्म लावणारं दुकान ओलांडलं आणि मी पावलं भराभर टाकायला लागलो. सई थांबली. "बाबा," ती म्हणाली, "वी शुड टेल देम." आणि तिने दार ढकललं.

होआवहिनी टेबल पुसत होती. तिने मला पाहिलं, सईला पाहिलं, हसली, आणि मग आमच्या मागे दाराकडे बघत राहिली. दार हळूहळू आपोआप बंद झालं. ती तरी बघतच होती. सईने माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही. तुआनने टोपी काढली. इतक्या दिवसांत मी त्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं, पार पिकलेलं होतं.

होआवहिनीने फडकं घडी करून ठेवलं. "पूर्णिमा को आओ," ती म्हणाली. "मॅडम का फोटो लाओ."

परवा पौर्णिमा झाली. दुपारचं जेवण आटोपून त्यांनी दार लावून घेतलं होतं. आतल्या बाजूला एक टेबल मांडलेलं, त्यावर होआवहिनीच्या आईचा फोटो, तुआनच्या वडिलांचा, फळं, उदबत्त्या. सईने शुभाचा जो फोटो निवडला होता त्यात ती चौकटीबाहेरच्या कुणालातरी रागावतेय. तो कुणीतरी म्हणजे मी. होआवहिनीने तो मधोमध ठेवला.

मग तिने एका ताटलीतून कापडी फुलं आणली, काही लाल, काही पांढरी. या पौर्णिमेला त्यांच्याकडे आईच्या नावाने फूल लावतात. आई असेल तर लाल, नसेल तर पांढरं. तिने स्वतःला पांढरं लावलं. मला विचारलं, "तुम्हारा मदर?" माझी आई नाशकात ठणठणीत आहे, रोज शेजारणीशी भांडते. माझ्या शर्टाला लाल फूल लागलं. सईला तिने काही विचारलं नाही. पांढरं फूल लावताना तिने सईची कॉलर उगाचच दोनदा सारखी केली. पन्नाशी उलटलेला मी लाल फूल लावून उभा, आणि शेजारी माझी सोळा वर्षांची मुलगी पांढरं लावून.

फोटोसमोर सूप आलं. मुळा, गाजर, कणीस, जाळलेलं आलं. उदबत्ती संपेपर्यंत थांबायचं असतं, तोवर आधी फोटोतली माणसं जेवतात, तुआनने हळूच सांगितलं. आम्ही थांबलो. एसीचा आवाज येत होता. वाडग्यावरची वाफ विरळ होत गेली. मी वाडग्याकडेच बघत होतो, गेल्या वर्षीची सवय. तो काठोकाठ भरलेला होता, हललासुद्धा नव्हता. गेल्या अख्ख्या उन्हाळ्यात मी ज्याला भीत होतो ते हेच, तिच्यासमोर तसाच राहिलेला भरला वाडगा. राख वाकली आणि पडली. उदबत्ती संपली होती तरी कुणी जागचं हललं नाही. सई रडत होती. मला निदान तिच्यासाठी काहीतरी बोलायला हवं होतं.

होआवहिनीने फरशीवरून खर्रकन एक खुर्ची ओढली आणि भाजीबाजारात ओरडावं तशी ओरडली, "मॅडम खा लिया. अभी तुम बैठो, सूप ठंडा होता."